अठरा माणसं आणि एक ढग

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्या जुन्या घरी अठरा माणसं जमतात. पणजीची, मडगावची, पुण्याची, एक दुबईचा. म्हार्दोळच्या पुढचं हे घर एरवी आजी, काका, काकू आणि एक बहिरा कुत्रा एवढ्यांवर चालतं. त्या दीड दिवसात मात्र न्हाणीपुढे रांग लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी खतखतं, वडे आणि नेवऱ्या पोटात गेल्या, सगळे जड झाले, की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, सगळ्यांचा एक फोटो होऊन जाऊ दे." हे 'कुणीतरी' दर वर्षी वेगळं असतं. फोटो काढणारा एकच.

कॅमेरा माझा, हप्त्यांवर घेतलेला. गोव्याच्या पावसाळ्यात कॅमेरा सांभाळणं म्हणजे लोणचं सांभाळणं. जरा दुर्लक्ष झालं की लेन्सच्या आत बुरशी धरते, आणि ती पुसताही येत नाही. म्हणून मी सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डबा केला होता. पुड्यांवर 'खाऊ नये' असं वाचून आईने त्या फेकून दिल्या. घरात लहान मुलं असताना विष कशाला, म्हणून.

गेल्या वर्षी याच माणसांना मी मिरामारला नेलं होतं. समुद्र, संध्याकाळ, सोनेरी उजेड. डोक्यात सगळं जुळलं होतं, एक गोष्ट सोडून. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. समुद्र पाठीशी हवा असेल तर सूर्यही पाठीशीच येतो. पहिल्या फोटोत सूर्यास्त अप्रतिम आला आणि त्यापुढे अठरा काळ्या आकृत्या, ज्या फक्त पोटांवरून ओळखता येत होत्या. चेहऱ्यांसाठी एक्स्पोजर वाढवलं, म्हणजे कॅमेऱ्यात जास्त उजेड घेतला, तर आभाळ चुना लावल्यासारखं पांढरं. सूर्याकडे तोंड करून उभं केलं तर डोळे मिटलेले, आणि मागे समुद्राऐवजी भेळेचा गाडा. त्यात ज्याला 'गोल्डन अवर' म्हणतात तो आपल्याकडे तासभर टिकतच नाही. गोवा विषुववृत्तापासून जेमतेम पंधरा अंशांवर, त्यामुळे सूर्य तिरका रेंगाळत न जाता जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून सहा अंशांवर आल्यावर बुडेपर्यंत त्याला पंचवीस मिनिटं लागतात. आमच्या आत्याला साडीच्या निऱ्या घालायला तीस लागतात.

म्हणून यंदा मी घरच्या पायऱ्या निवडल्या. साडेतीनला पाऊस थांबला. आभाळ एका रंगाचं, करडं, सपाट. मला आनंदाने गहिवरून आलं. धावत जाऊन कॅमेरा आणला तर लेन्सवर दाट धुकं. दुबईच्या भावाने एका खोलीला एसी बसवून घेतलाय, तिथे रात्रभर कॅमेरा गारठला होता. बाहेरच्या दमट हवेत आल्याबरोबर त्याला घाम फुटला. काका धोतराचा सोगा घेऊन पुसायला धावले, त्यांना मी अक्षरशः आडवा गेलो. वीस मिनिटं नुसतं थांबायचं असतं. वीस मिनिटांत अठरापैकी चौघं झोपली.

त्यांना उठवून आणलं तर काकांचा नवा मुद्दा. "अरे, ऊन येऊ दे की. काळोखात कसले फोटो काढतोस?"

मी समजावलं. ढगाळ आभाळ म्हणजे एक प्रचंड दिवा, पांढऱ्या कापडाआडून लावलेला. नाकाची सावली ओठांवर पडत नाही, डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचत नाही, सुरकुत्या मऊ होतात.

"कोणाच्या सुरकुत्या?" आत्याने विचारलं.

प्रकाशशास्त्राचा वर्ग तिथेच सुटला. तेवढ्यात ढग फाटला, लख्ख ऊन पडलं आणि सगळे "आलं, आलं" करत अंगणात धावले. उन्हात ओळीने उभे राहिले आणि अठरा जणांनी एकाच वेळी डोळे बारीक केले. लिंबाचं लोणचं चाखल्यासारखे चेहरे. मग कुणाच्या तरी सूचनेवरून मंडळी फणसाखाली गेली. तिथे पानांतून कवडसे पडत होते. काकांच्या टकलावर पाच आणि काकूंच्या नथीवर एक. जिथे कवडसा नव्हता तिथे फणसाचा आणि ओल्या गवताचा हिरवा उजेड चेहऱ्यांवर चढला होता. सगळं कुटुंब एकदम कावीळ झाल्यासारखं दिसायला लागलं.

शेवटी पायऱ्यांवरच या, म्हणून मी ओरडलो. पागोळ्या पडतात त्या रेषेच्या एक पाऊल आत उभं राहायचं आणि उघड्या अंगणाकडे तोंड करायचं. डोक्यावर छप्पर असल्यामुळे वरून येणारा उजेड अडतो, समोरून आभाळाचा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो. ही युक्ती पैसे न घेता कुठल्याही घरात चालते. खालून जरा उजळायला मी पांढरी चादर मागवली आणि भाच्याला म्हटलं, ही पसरून धर. तो म्हणाला, "मग मी फोटोत कसा येणार?" म्हणून चादर कुत्र्याशेजारी जमिनीवर अंथरली. कुत्रा तीवर झोपला.

आता जमवाजमव. तीन पायऱ्या, तीन रांगा. उंच मागे हे ठरलं, पण काका मागे जाईनात. घरातला कर्ता मागे कसा? धाकट्या काकूला डावी बाजू नको, तिच्या त्या बाजूच्या कानात कुडी नव्हती. दुबईच्या भावाला नव्या बुटांसकट यायचं होतं. मेव्हणा मोबाईलवर व्हिडिओ बघून आला होता. तो म्हणाला, "रूल ऑफ थर्ड्स पाळ. माणसं फ्रेमच्या मधोमध नको."

"अठरा माणसं एका बाजूला सारली तर उरलेल्या जागेत काय, गुरं बांधू?"

आजीची खुर्ची पायरीवर बसेना, चारांतला एक पाय हवेत राहायचा. म्हणून ती सगळ्यांच्या दोन पावलं पुढे अंगणात ठेवली. आजी इतका वेळ काही बोलली नव्हती. बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "बेगीन काड रे, गणपतीक उशीर जातलो."

पहिला फोटो घेतला आणि स्क्रीनवर पाहिलं. आदल्या रात्री समयांच्या उजेडात आरती टिपताना ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ १.८ वर, मोठं करून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं होतं. त्यात स्पष्ट दिसणारा पट्टा कसाबसा हातभर असतो. आजी त्या पट्ट्यात बसली होती. तिच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ मोजता येत होती. पहिल्या पायरीवरचे विरळ झाले होते आणि तिसऱ्या पायरीवरचे कैलासवासी. भोक बारीक करून एफ ८ केलं, म्हणजे पट्टा वाढतो; कमी झालेला उजेड भरून काढायला आयएसओ ८००, शटर एकशे पंचवीसांश सेकंद. मग तिसरी रांगही मर्त्यलोकात परतली.

पुढे डोळ्यांची मिचमिच. यावर विज्ञान आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधनसंस्थेतल्या पियर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी हिशोब मांडला होता की सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक तरी फोटो मिळायला किती फोटो काढावे लागतील. त्यासाठी त्यांना २००६ सालचं गणिताचं इग नोबेल, म्हणजे नोबेलची गंमत करणारं बक्षीस, मिळालं. माणसं विसाच्या आत असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तीनाने भागायचं, वाईट उजेडात दोनाने. म्हणजे आम्हाला सहा, फार तर नऊ. मी एक्केचाळीस काढले. त्या हिशोबात माणसं योगायोगाने डोळे मिटतात असं धरलंय. आमची मोठी काकू ठरवून मिटते. मी "तीन" म्हटलं की मिटते. मी "दोन"वर बटण दाबायला लागलो, तर तिसऱ्या वेळी तिला ते कळलं.

घुमट, आमचं मातीचं वाद्य, वाजायला लागलं, आरती झाली, गणपती तळीवर गेला. रात्री मंडळी परतली आणि मी फोटो टीव्हीवर लावले.

समीक्षा म्हणावी तर ती अशी की फोटो कुणीच पाहिला नाही. प्रत्येकाने स्वतःला पाहिलं. "हांव खंय आसां?", मी कुठे आहे, हा पहिला प्रश्न, आणि सापडल्यावर "हांव मोटी दिसतां" हा निकाल. क्रमांक बाविसात सतरा जण उत्तम आले होते, पण आत्याचं तोंड उघडं होतं. "मी तुलाच सांगत होते ना, की माझं तोंड उघडं येईल म्हणून," ती म्हणाली. एकतिसाव्यात काकांच्या डोक्यातून लाल टॉवेल उगवला होता. दोरीवरचे कपडे काढायला मी विसरलो होतो. मेव्हणा म्हणाला, थोडा अंडरएक्स्पोज, काळपट आहे. भाचा म्हणाला, कुत्रा सगळ्यात छान आलाय. यात तथ्य होतं. पांढऱ्या चादरीचा सगळा उजेड त्याच्याच तोंडावर होता.

एक्केचाळीसही नापास झाले. मी वायर काढणार तेवढ्यात आजी म्हणाली, "पयलो दाखय."

पहिला म्हणजे तो धुरकट. मी म्हटलं, "आजी, तो चुकलाय. त्यात फक्त तूच दिसतेस."

"दाखय."

दाखवला. ती खुर्चीतून उठली, टीव्हीजवळ गेली आणि आपल्या डोक्यावरच्या जागेला दोन बोटं लावून मोजून पाहिलं. आम्ही सगळे गप्प. मग मला म्हणाली, "हा बरा आहे. हाराला जागा आहे."

"आई, काहीतरीच काय!" आत्या ओरडली.

मी फोटो मोठा करून पाहिला. जागा होती खरी, पण त्या जागेत काकांचं पोट होतं, धुरकट असलं तरी भरपूर. ते मी आजीला दाखवलं.

"असू दे. हार घातला की झाकेल." ती झोपायच्या खोलीकडे निघाली आणि दारात थांबली. "आणि काच लावू नको. तुझ्या आजोबांच्या फोटोवर दुपारी दाराचा उजेड येतो, तोंडच दिसत नाही."