कानच्या तळघरातून : रागावलेल्या एका वाचकाला उत्तर

नमस्कार,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा त्यातली एक गोष्ट पटली. म्हणून उत्तराला चार दिवस लागले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आठ वर्षांनी, २०२५ मध्ये, पुन्हा फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाला जाऊनही मी लिहिलं काय, तर रांगा, सुजलेले पाय आणि कोरडं सँडविच. ‘बाजारातलं स्क्रीनिंग म्हणजे महोत्सवाची निवड नव्हे’ असं म्हणून मी मराठी चित्रपटांचा पाणउतारा केला. आणि हे सगळं ‘सरकारी खर्चानं मिरवून आल्यावर’.

शेवटचं आधी घेते, ते सोपं आहे. मी एका छोट्या चित्रपट वितरण कंपनीत नोकरी करते. पास आणि विमानाचं तिकीट कंपनीचं, मुक्काम गावाच्या पश्चिमेला ला बोकात, तिघींत एक खोली आणि सकाळी आंघोळीला नंबर. मिरवायला फुरसत मिळाली असती तर मिरवले असते, खोटं कशाला सांगू?

‘कान्स’ लिहा, अशीही तुमची सूचना आहे. फ्रेंच लोक शेवटचा ‘स’ गिळतात, म्हणून मी कान लिहिते. अर्थात त्याचा त्रास मलाच होतो. ‘कानला चाललेय’ म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी ‘काय झालं गं कानाला?’ असं विचारून डॉक्टरांचा नंबरही दिला होता.

आता मुख्य भांडण. तिथे पॅले नावाची एक भलीमोठी इमारत आहे, १९८२ पासूनची. गावकरी तिला ‘बंकर’ म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. टीव्हीवर दिसतो तो लाल गालिचा आणि त्या २४ पायऱ्या याच इमारतीच्या. पायऱ्या चढून गेलं की सुमारे २,३०० खुर्च्यांचं ल्युमिएर नाट्यगृह. तिथे चित्रपट लागायचा तर निवड समितीनं तो निवडावा लागतो. त्याच इमारतीच्या पोटात, तळघरात, चित्रपटांचा बाजार भरतो. बाजार इमारतीहून जुना, १९५९ पासूनचा. पार्टिशन घातलेले गाळे, गाळ्यागाळ्यावर पोस्टरं, आत टेबल मांडून बसलेले विक्रेते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे गेला असाल, तर वेगळं वर्णन करायला नको, फक्त कांदा नसतो. इथे हॉल भाड्यानं मिळतो. पैसे भरले, वेळ मिळाली, डीसीपी, म्हणजे चित्रपटाची डिजिटल प्रत, पोचवली की चित्रपट लागला. कोणी निवडत नाही, कोणी नाकारतही नाही.

यात कमीपणा कसला? जगभरचे विक्रेते हेच करतात, मीही तेच करते. माझा आक्षेप आहे तो या भाड्याच्या हॉलला ‘कानमध्ये निवड’ म्हणण्याला. कारण तिथे ते पहिल्या मिनिटाला उघडं पडतं. यंदा माझ्या शेजारच्या टेबलावर एक निर्माते पोस्टर घेऊन बसले होते, वर ‘अधिकृत निवड’. खरेदीदार बाईंनी हसून विचारलं, कुठल्या विभागात? ते गप्प. बाईंनी कार्ड घेतलं, पाणी प्यायल्या, उठल्या. चित्रपट कसा आहे हे विचारायची वेळच आली नाही.

उलट बाजूही सांगते. ‘स्थळ’ या मराठी चित्रपटाला २०२३ साली टोरोंटो महोत्सवात नेटपॅक हा आशियाई चित्रपटांसाठीचा पुरस्कार मिळाला. ती खरी निवड, खरा पुरस्कार. माझ्या नात्यातल्या चारचौघांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. २०२५ मध्ये तो कानच्या बाजारात दाखवला गेला, ते मात्र सगळ्यांना ठाऊक. मराठी चित्रपटाचा पाणउतारा नेमका कशात आहे, तुम्हीच सांगा.

आपली माणसं वरच्या दारानं जात नाहीत, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. दिग्दर्शिका पायल कपाडिया पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची विद्यार्थिनी. २०१७ मध्ये तिचा लघुपट कानच्या विद्यार्थी विभागात होता, २०२१ मध्ये माहितीपटाला पारितोषिक मिळालं आणि २०२४ मध्ये ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला मुख्य स्पर्धेत ग्राँ प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार. त्याआधी ३० वर्षं भारतीय चित्रपट त्या स्पर्धेत नव्हता. पायलच्या या चित्रपटात छाया कदमनं रंगवलेली पार्वती मुंबई सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. हा चित्रपट उभा राहिला तो फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, इटली असे भागीदार जोडून. असे भागीदार लाल गालिच्यावर भेटत नाहीत. ते भेटतात बाजारांत, अर्ध्या तासाच्या भेटींमध्ये, वर्षानुवर्षं.

हे मलाही पहिल्या खेपेला कळलं नव्हतं. २०१७ मध्ये आमच्या चित्रपटाला छोटा हॉल घेतला होता. सात जण आले. वीस मिनिटांत चार उठून गेले, उरलेल्यांतला एक झोपला. मी बाहेर येऊन डोळे पुसले. खरेदीदाराला त्याच वेळेत आणखी तीन चित्रपट बघायचे असतात, उठून जाणं हा तिथे अपमान नसतो, हे नंतर समजलं. यंदा मार्चपासूनच ईमेल पाठवून भेटी ठरवल्या, चित्रपट घरी बघता येईल अशा प्रती (स्क्रीनर) आधी धाडल्या, हॉल घेतलाच नाही. रांगाही बदलल्यात. तेव्हा देब्युसी नाट्यगृहाबाहेर दोन तास उभी राहिले होते, वरच्या मानाच्या रंगांचे पास असलेले लोक पुढे जात राहिले आणि माझ्या तोंडावर दार लागलं. आता चार दिवस आधी सकाळी सातला मोबाईलवर तिकिटं सुटतात. दार आता मोबाईलवरच लागतं.

पायऱ्या २०१७ मध्ये एकदा चढले, इरकल नेसून. यंदा नाही. संध्याकाळी सातला भेट होती. त्या वेळी बाहेर टक्सिडो घातलेली तरुण मुलं ‘एक निमंत्रण द्या’ अशा पाट्या धरून उभी असतात. ते दृश्य मला गालिच्यापेक्षा जास्त आवडतं.

तुमची पटलेली गोष्ट: पायऱ्यांसमोर फोटो काढणाऱ्या त्या मराठी निर्मात्या जोडप्यावर मी जे वाक्य लिहिलं, ते हिणकस होतं. घर गहाण ठेवून चित्रपट काढलेल्या माणसानं फोटोही काढू नये? वाक्य काढून टाकलं आहे.

‘मग जाता कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. यंदा हाती लागलं ते इतकंच: तैवानच्या एका खरेदीदारानं आमचा एक चित्रपट पुन्हा बघायला मागितला आहे, पण सबटायटलं बदलून. आम्ही दीर आणि मेव्हणा दोघांनाही ‘ब्रदर-इन-लॉ’ करून ठेवलं होतं, त्यामुळे जमिनीचा वाटा नेमका कोण मागतोय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सध्या रोज संध्याकाळी तेच निस्तरतेय.