गल्लीत एक मंडळ असताना दुसरे कसे काढावे

आपण पुण्यातल्या एखाद्या पेठेत नव्याने राहायला आला असाल आणि अजून कोणत्याही मंडळाचे सभासद झाला नसाल, तर आपले वास्तव्य कायदेशीर असले तरी अधिकृत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. भाडेकरार आणि विजेचे बिल यांवरून आपला पत्ता सिद्ध होतो. पण गल्ली आपल्याला ओळखू लागते ती वर्गणीच्या पावतीवर आपले आडनाव चुकीचे लिहिले गेल्यानंतरच. गणपतीच्या महिनाभर आधी पाच-सहा जण संध्याकाळी दारात उभे राहतील. त्यांतला एक पावतीपुस्तक उघडून धरील आणि दुसरा, आपण न विचारताच, शेजाऱ्यांनी किती दिले ते सांगेल. अशा वेळी घासाघीस करू नये. शेजाऱ्यांनाही आपलाच आकडा सांगितला जाणार आहे.

मात्र नुसते सभासद राहणे हे घरातल्या तिसऱ्या जावयासारखे आहे: मान आहे, पण बसायला खुर्ची नाही. म्हणून पद मिळवावे. पदांची टंचाई कोणत्याही सुदृढ मंडळात नसते. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, उपखजिनदार, उत्सवप्रमुख, मार्गदर्शक आणि आधारस्तंभ एवढी पदे भरल्यावर मांडवाचे बांबू धरायला कोणी उरत नाही, आणि ते काम मंडपवाल्याची मुले करतात. पदाचे खरे वजन घटनेत नसून फ्लेक्सवर असते. मी एकदा रात्री साडेअकराला फ्लेक्सच्या दुकानात बसलो होतो. संगणकावरचा मुलगा चौदा जणांची डोकी एका ओळीत बसवत होता आणि कार्याध्यक्ष त्याच्या खांद्यावरून वाकून, उपाध्यक्षांचे डोके आपल्यापेक्षा बोटभर मोठे का, हे विचारत होते. शेवटी सर्वांची डोकी सारखी करण्यात आली आणि जागा पुरावी म्हणून गणपती लहान करण्यात आला.

पद मिळाले की वार्षिक सर्वसाधारण सभेला हजर राहावे, कारण लोकशाहीचा इतका निर्धोक प्रयोग अन्यत्र पाहायला मिळत नाही. सभा सहा वाजता असते. सहा वाजता गणपूर्ती होत नाही, म्हणून सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरते. त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता नाही, हे सूचनेतच आधी छापलेले असते. त्यामुळे अनुभवी सभासद साडेसहालाच येतात आणि नवखा माणूस अर्धा तास रिकाम्या सतरंजीकडे पाहत बसतो. मागील सभेचे इतिवृत्त कोणी ऐकण्याआधीच कायम होते, हिशेबाला ‘मंजूर, मंजूर’ असे दोन आवाज मिळतात, आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयांत वडे आणले जातात.

हिशेबाबद्दल मात्र कुतूहल दाखवू नये. हे मी अनुभवाने सांगतो. एका मंडळाने मला हिशेब तपासनीस नेमले होते. खर्चाच्या पानावर ‘इतर’ या सदराखाली मंडपाच्या भाड्याहून मोठी रक्कम दिसली, म्हणून मी ‘इतर म्हणजे काय’ असे विचारले. “अहो, बाकीच्यात बसत नाही ते,” असे खजिनदारांनी सांगितले, आणि पावत्यांच्या स्थळप्रती मागितल्यावर त्या उंदरांनी खाल्ल्याचे कळले. उंदीर हे गणपतीचे वाहन असल्याने पुढची चौकशी अप्रशस्त ठरली. त्याच सभेत माझी ‘प्रमुख सल्लागार’ म्हणून एकमताने बढती झाली आणि त्यानंतर मला कोणीही काही विचारलेले नाही.

पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा, असे कायदा म्हणतो. त्याचा फार बाऊ करू नये. आमच्याकडे कागदोपत्री जे विश्वस्त आहेत, त्यांपैकी तिघांच्या श्रद्धांजली सभा मंडळानेच घेतल्या आहेत.

इतके झाल्यावर आपल्याला नवे मंडळ काढावेसे वाटू लागेल. यात संकोच करण्याचे कारण नाही. मुंबईतल्या एका बागेत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी मूठभर माणसे घेऊन हास्यक्लब सुरू केला. आमच्या बागेतल्या हास्यक्लबात, ‘हा हा’ आधी की ‘हो हो’ आधी, यावरून फूट पडली, आणि आता दोन गट बागेच्या दोन टोकांना, एकमेकांकडे न पाहता, हसतात.

नावात ‘अखिल’ हा शब्द अवश्य घालावा, मग हद्द चौकापासून पिठाच्या गिरणीपर्यंतच का असेना. ‘तरुण’ या शब्दाला वयाची अट नसते. स्थापनेचे वर्ष शक्य तितके मागचे धरावे. सार्वजनिक गणेशोत्सव १८९२ चा की १८९३ चा, यावरून २०१७ साली भर पुण्यात जाहीर वाद झाला, तेव्हा आपल्या दहा-वीस वर्षांच्या फरकाकडे कोण पाहतो? लालबागच्या कोळी बांधवांनी आणि व्यापाऱ्यांनी बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून नवस केला आणि तो फळल्यावर १९३४ साली गणपती बसवला. आपण हा क्रम थोडा सुटसुटीत करावा: आधी रस्त्याची जागा घ्यावी, मग मूर्ती बसवावी, आणि ‘नवसाला पावणारा’ अशी पाटी रंगवून झाली की नवस करणाऱ्यांची वाट पाहावी. निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. समोरासमोर दोन मंडळे असली की ती प्रत्येकी मोजावी, असा आमच्या गल्लीतला अर्थ आहे.

वाटणीत खुर्च्यांकडे विशेष लक्ष द्यावे. आमच्या साठ खुर्च्यांपैकी तीस नव्या गटाकडे येणार, हे ठरले आहे. त्यांच्या पाठीवर जुने नाव रंगवलेले असल्याने फक्त ‘मित्र’ हा शब्द खोडायचा आहे. बाकीची अक्षरे चालतील.

राहता राहिली नोंदणी. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाप्रमाणे त्यासाठी किमान सात सभासद लागतात. आम्ही सहा आहोत. आपण रविवारी सहा वाजता, म्हणजे साडेसहाला, गिरणीसमोर यावे. येताना दोन फोटो आणावेत, त्यांतला एक फ्लेक्ससाठी. बहुतेक पदे वाटून झाली आहेत, पण हिशेब तपासनीसाचे अजून कोणी घेतलेले नाही.