न्यू जर्सीतील खरी चुरस जूनमध्येच होती
न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिकी शेरिल निवडून आल्या, त्याचे श्रेय एका लेखात केवळ नोव्हेंबर २०२५ च्या प्रचाराला दिले आहे, ते मला अपुरे वाटते. पूर्वी बहुतेक काउंट्यांत (जिल्ह्यांसारख्या विभागांत) प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, पक्षनेत्यांच्या पसंतीच्या उमेदवारांची नावे मतपत्रिकेवर एकाच ठळक रकान्यात किंवा ओळीत छापली जात आणि इतरांची नावे कोपऱ्यात शोधावी लागत. २०२४ मध्ये सिनेटचे तेव्हाचे उमेदवार अँडी किम आदींच्या दाव्यात संघीय न्यायालयाने डेमोक्रॅटिक मतपत्रिकेची ही मांडणी रोखली, म्हणूनच जून २०२५ च्या प्राथमिक निवडणुकीत त्या पक्षाचे सहा उमेदवार मतदारांपुढे बरोबरीने उभे राहू शकले. हा बदल फार आधी व्हायला हवा होता. एडिसन, जर्सी सिटीतील मराठी मतदारांना कळकळीची विनंती आहे, की कोणत्याही पक्षात नोंद नसली तरी मतदान केंद्रावर पक्ष जाहीर करून प्राथमिक निवडणुकीत मत देता येते, ते त्यांनी अवश्य द्यावे.