इको नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका

तरुणांच्या अचानक मृत्यूबद्दलचा एक मेसेज सध्या फिरतोय. त्याचं म्हणणं असं: टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल असेल तर हृदय ठणठणीत, असा मृत्यू आधी काहीच सूचना देत नाही, जन्मजात दोष असेल तर उपाय नाही, आणि छातीत गडबड वाटली तर जोरजोरात खोकत राहा. हे वाचून कुणी गाफील राहिलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून लिहितोय.

‘इको नॉर्मल म्हणजे ठणठणीत.’ इकोत हृदयाचे स्नायू, झडपा आणि पंपिंग दिसतं. लाँग क्यूटी, ब्रुगाडा, सीपीव्हीटी हे जन्मजात दोष हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विजेतले आहेत. त्यात इकोच काय, शवविच्छेदनही नॉर्मल येऊ शकतं. लाँग क्यूटी दोन हजारांत साधारण एकाला असतो आणि बहुतेकदा साध्या ईसीजीत सापडतो, पण त्यातलं क्यूटी अंतर कुणी मोजलं तर. ईसीजीच्या कागदावरचा एक छोटा चौकोन म्हणजे 40 मिलिसेकंद. नाडी मिनिटाला 60 असताना क्यू लाटेच्या सुरुवातीपासून टी लाटेच्या शेवटापर्यंत साडेबारा चौकोन भरले, तर ते झाले 500 मिलिसेकंद, म्हणजे धोका बराच वाढलेला. सीपीव्हीटीत मात्र आरामातला ईसीजी साफ असतो. तिथे स्ट्रेस टेस्टच, म्हणजे पट्ट्यावर पळवून ईसीजी, करावी लागते.

‘आधी काहीच कळत नाही.’ काहींच्या बाबतीत दुर्दैवाने हे खरं आहे. पण अनेकांची शुद्ध आधी एकदा अचानक हरपलेली असते आणि घरचे ‘उपाशी होती, अशक्तपणा आला’ म्हणून सोडून देतात. शाळेत उन्हात उभं राहून भोवळ येणं बहुधा निरुपद्रवी असतं. पळता-पळता, पोहताना किंवा पहाटे मोबाइलचा गजर दचकवून गेल्यावर मुलगी कोसळली, तर ती गोष्ट वेगळी. अशा कितीतरी मुलांना फिट समजून वर्षानुवर्षं फिटच्याच गोळ्या दिल्या जातात. ‘फिट’ आटोक्यात येत नसेल तर एकदा ईसीजी नीट तपासून घ्या. आणि घरात कुणी तरुणपणी झोपेत किंवा पोहताना गेलं असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका, आपणहून सांगा. लाँग क्यूटी आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता बहुतेक कुटुंबांत 50 टक्के असते, म्हणून एकात सापडला की भावंडांची तपासणी व्हायलाच हवी.

‘उपाय नाही.’ साफ खोटं. प्रोप्रॅनोलॉल, नॅडोलॉल ही बीटा ब्लॉकर (हृदयावरचा ताण-उत्तेजनाचा परिणाम कमी करणारी) औषधं जुनी आहेत. रोज न चुकता घेतली तर लाँग क्यूटीच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात धोका खूपच कमी होतो. ज्यांना जास्त धोका आहे त्यांना आयसीडी, म्हणजे ठोके बिघडले की आपोआप शॉक देणारं छोटं यंत्र, शरीरात बसवतात. पथ्यही आहे: मेडिकलमधून सहज मिळणारं उलटीवरचं डॉमपेरिडोन किंवा अँटिबायोटिक अझिथ्रोमायसिन लाँग क्यूटीवाल्याने परस्पर घ्यायचं नाही, आणि ब्रुगाडावाल्याने ताप अंगावर काढायचा नाही. खेळ कायमचा बंदच, असंही सरसकट नसतं. तज्ज्ञ आणि कुटुंब मिळून ते ठरवतात.

‘खोकत राहा.’ अशा अचानक मृत्यूच्या वेळी हृदय नुसतं थरथरतं, मेंदूला रक्त पोहोचत नाही आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. तो खोकणार कसा? जे करायचं ते शेजारच्याने. हाक मारून उत्तर नाही, श्वास नीट नाही, तर 108 ला फोन लावा. छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा. एईडी (छातीवर शॉक देणारं यंत्र) जवळपास असेल तर दुसऱ्याला आणायला पिटाळा, तुम्ही मात्र दाबणं थांबवू नका.