रनिंग बॅकचा भाव आणि टॉड गर्लीचा गुडघा

दर ऑफ-सीझनला एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, तीच टेप वाजते: रनिंग बॅकवर (चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूवर) पैसा ओतू नका, रॅम्स क्लबच्या टॉड गर्लीचं काय झालं आठवा. मला हा निष्कर्ष साफ अमान्य आहे. गर्लीच्या प्रकरणातून एकच दिसतं: बॅकचे पैसे उशिरा येतात, आणि ते उशिरा यावेत अशीच नियमांची रचना आहे.

आकडे बघा. 2015च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या निवडीत, रॅम्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर उचललं. नोव्हेंबर 2014 मध्ये, कॉलेजात असतानाच, त्याच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या तीन मोसमांत त्याच्याकडून 229, 278 आणि 279, म्हणजे 786 कॅरी (चेंडू घेऊन पळणं) करून घेतल्या, त्याही रूकी, म्हणजे पहिल्या स्वस्त करारावर. मग जुलै 2018 मध्ये चार वर्षांचा, 5 कोटी 75 लाख डॉलरचा वाढीव करार झाला, त्यातले 4 कोटी 50 लाख गॅरंटीड. त्या मोसमात 256 कॅरी, 17 रशिंग टचडाउन. आणि डिसेंबरात गुडघा बोलायला लागला. सुपर बोलच्या आधीच्या एनएफसी फायनलमध्ये 4 कॅरी, 10 यार्ड. सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, 10 कॅरी, 35 यार्ड. मार्च 2020 मध्ये रॅम्सनी सोडलं, अटलांटात एक मोसम खेळला आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी खेळ संपला. क्लबने मोठी रक्कम मोजली तेव्हा अर्ध्याहून जास्त कॅरी आधीच स्वस्तात खर्च झाल्या होत्या.

एका कॅरीत शरीराचं काय होतं ते टीव्हीवर नीट कळत नाही. इनसाइड झोन, म्हणजे मधून पळायचा डाव, घ्या. चेंडू हातात येताना बॅकची नजर डिफेन्सच्या एका लाइनमनवर (पुढच्या फळीतल्या खेळाडूवर) असते. तो आत सरकला की बॅक बाहेर, तो बाहेर गेला की एका पावलात आत. पण वळायची घाई चालत नाही. आधी आपल्या लाइनच्या (पुढच्या फळीच्या) पाठीला जवळजवळ चिकटेपर्यंत पुढे जायचं, म्हणजे डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला लाइनबॅकर एक बाजू पकडतो आणि आपल्या लाइनमधल्या गार्डला त्याच्यापर्यंत पोचायला वेळ मिळतो. लवकर वळलं की तोच लाइनबॅकर मोकळा समोर येतो. चेंडूचं टोक बोटांत, मागचं टोक काखेत, मधला भाग बरगडीला दाबलेला; कोपर सुटलं की फंबल, चेंडू हातातून गेला. आणि वळण्याच्या त्या एका पावलात शंभर किलोचा सगळा भार एका गुडघ्यावर, नेमका बाजूने धक्का बसण्याच्या क्षणी. पास प्लेमध्ये क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्यावर) ब्लिट्झ करत धावून येणाऱ्याला छातीवर घेणं वेगळंच. ते कुठल्याच कॅरीत मोजलं जात नाही.

आता नियम. 2011पासून ड्राफ्ट झालेल्याचा पहिला करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्षही क्लबच्या मर्जीवर. तीन मोसम होईपर्यंत नव्या कराराची बोलणीसुद्धा करता येत नाहीत. त्यानंतर फ्रँचायझी टॅग: करार संपलेल्या खेळाडूला क्लब ठरलेल्या रकमेवर आणखी एक वर्ष अडवून ठेवतो. टॅगची रक्कम त्या-त्या पोझिशनच्या वरच्या पगारांवर ठरते, म्हणून बॅकचे पगार दबले की टॅग स्वस्त होतो, आणि टॅग स्वस्त असला की लांब करार द्यायची गरज उरत नाही. 2023 मध्ये बॅकचा टॅग 1 कोटी 91 हजार डॉलर होता, क्वार्टरबॅकचा 3 कोटी 24 लाख. जायंट्सनी आपल्या बॅकला, सॅक्वॉन बार्कलीला, हाच बॅकचा टॅग लावला होता.

घरी बसून दबाव आणायचे दिवसही गेले. 1993 मध्ये डॅलसचा बॅक एमिट स्मिथ करारासाठी पहिले दोन सामने घरी बसला, डॅलस दोन्ही हरलं, करार झाला आणि मोसमाअखेर सुपर बोलही आला. 2018 मध्ये बॅक लेव्हिऑन बेलने 1 कोटी 45 लाखांचा टॅग नाकारून अख्खा मोसम सोडला. ते पैसे बुडाले आणि तो पुन्हा पूर्वीसारखा खेळलाच नाही.

क्लबवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे: बॅकला यार्ड मिळतात ते पुढच्या लाइनमुळे. डिमार्को मरेने 2014 मध्ये डॅलसच्या लाइनमागे 392 कॅरींत 1,845 यार्ड काढले, पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात 702. बार्कली उलट दिशेने गेला. फिलाडेल्फियाच्याच, म्हणजे ईगल्सच्या, लाइनमागे 2024 मध्ये 2,005 यार्ड आणि सुपर बोल. पण या युक्तिवादाने झिजलेल्या गुडघ्याचा मोबदला कसा ठरणार? लाइन चांगली असो वा वाईट, धक्के बॅकलाच बसतात. खराब लाइनमागे तर जास्तच.

लीग आणि खेळाडूंच्या युनियनमधला सध्याचा सामूहिक करार 2030च्या मोसमापर्यंत आहे. पुढच्या वाटाघाटीत युनियनने दोन गोष्टी धरून बसाव्यात: बॅकचा पहिला करार तीन वर्षांचा, आणि दुसऱ्या मोसमानंतर बोलणी खुली. सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारांची मर्यादा) एकच असल्याने बॅकला मिळणारा डॉलर दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून येईल, म्हणून विरोध लॉकर रूममधूनच होणार. मग निदान टॅग तरी एकदाच लावता यावा. यासाठी लाइनमनना पटवावं लागेल, आणि ते काम बॅकनीच आतापासून सुरू करायला हवं.