गळ्यात पडलेला रुद्राक्ष

२९ मार्च २०२५ ला शनी मीन राशीत गेला आणि तेव्हापासून माझं बिघडलं, असं आईचं म्हणणं. त्याआधी माझं फार काही बरं चाललेलं होतं अशातला भाग नाही, पण तेव्हा त्याला कारण नव्हतं, आता कारण मिळालं. मेष रास, म्हणजे साडेसाती लागली. आपल्या मागच्या राशीत शनी आला की ती लागते, मग आपल्या राशीत, मग पुढच्या, सगळीकडे अडीच अडीच वर्षं मुक्काम, कारण सूर्याभोवती एक फेरी मारायलाच त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्यामुळे कसलीच घाई नाही, आमच्या ऑफिसातल्या अकाउंट्स डिपार्टमेंटसारखं. एप्रिलमध्ये गीझर गेला. मे महिन्यात कंबर धरली. जूनमध्ये प्रमोशन माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराला मिळालं. आई प्रत्येक वेळी फोनवर फक्त "बघ" एवढंच म्हणायची.

मग तिनेच उपाय सांगितला, रुद्राक्ष घाल. मी म्हटलं बरं, घालतो, एवढ्यासाठी कशाला वाद. आयुष्यात मी अनेक गोष्टींना असंच बरं म्हटलंय आणि त्या सगळ्या महागात पडल्यात.

कारण पुढचा प्रश्न, कितीमुखी? रुद्राक्षावर वरून खालपर्यंत ज्या रेषा असतात ती त्याची मुखं, आणि कुठल्या ग्रहाला किती तोंडांचा लागतो हे ठरलेलं असतं, फक्त तुमचा ग्रह कुठला हे ठरलेलं नसतं. दाजींच्या ओळखीचे गुरुजी म्हणाले रास बघायची, मेषेचा स्वामी मंगळ, मंगळाचा तीनमुखी, विषय संपला. तो संपला नाही, कारण मावशीच्या ओळखीचे म्हणाले रास काय बघता, जन्मनक्षत्र बघा, अश्विनी, स्वामी केतू, नऊमुखी घ्या. ऑफिसातला एकजण यूट्यूबवर ज्योतिष शिकलाय, त्याने जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर कुंडली मांडली आणि म्हणाला रास सोड नक्षत्र सोड, त्रास कोण देतोय? शनी ना, मग शनीचा सातमुखी घाल, जो मारतो त्यालाच गाठायचं. वर हेही सांगितलं की सध्या मंगळाची महादशा, म्हणजे त्या ग्रहाचा ठरलेला काळ, चालू आहे, ती संपली की राहू लागतोय, १८ वर्षं, तेव्हा आठमुखी आत्ताच घेऊन ठेव, नंतर महाग पडेल. रुद्राक्ष की राहू हे मी विचारलं नाही.

चौथ्या गुरुजींनी पहिलाच प्रश्न केला, "लग्न काय?" मी म्हटलं झालंय, दोन मुलं आहेत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की शनीची दृष्टी म्हणतात ती हीच असावी.

तर जन्मलग्न. जन्माच्या क्षणी पूर्वेला जी रास उगवत असते ते लग्न, आणि ते साधारण दर दोन तासांनी बदलतं, म्हणून जन्मवेळ पक्की पाहिजे. माझी जन्मवेळ म्हणजे आमच्या घरातला जुना तंटा आहे. आई म्हणते रेडिओवर सात पाचच्या प्रादेशिक बातम्या लागल्या होत्या. आत्या म्हणते छे, बातम्यांच्या बऱ्याच आधी, घरात पक्ष होता, मी चहाचं आधण ठेवत होते आणि सुईण बाहेर आली. आता कुणाला वाटेल अर्ध्यापाऊण तासाने काय फरक पडतो, पण माझा जन्म सप्टेंबरच्या मध्यावरचा, सूर्य सिंहेच्या अगदी टोकाला, उगवतीला लग्न सूर्याच्याच राशीचं असतं, म्हणजे आत्या खरी असेल तर सिंह लग्न, स्वामी रवी, एकमुखी रुद्राक्ष. आई खरी असेल तर कन्या लग्न, स्वामी बुध, चारमुखी. बायकोने मोबाईलवर दोन्हींचे भाव बघितले. एकमुखीचा आकडा तिने आधी फोन नंबर समजून वाचला. मग तिने स्वतः आत्याला फोन लावला आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "आत्या, नीट आठवा हं, बातम्या झाल्याच असतील ना?" दहा मिनिटांनी आत्यालाही आठवलं की चहा दुसऱ्यांदा टाकला होता. अशा रीतीने घरच्यांनी एकमताने माझा जन्म बातम्यांनंतर करून टाकला.

तरी बेरीज बघा. तीन, नऊ, सात, आठ, चार. एकतीस तोंडं. रावणाला दहा होती आणि तो सोन्याच्या लंकेत राहत होता, मी टू बीएचकेत राहतो आणि हप्ते अजून चालू आहेत.

म्हटलं या मधल्या लोकांचं ऐकण्यापेक्षा मूळ पोथीच बघू. शिवपुराणाच्या विद्येश्वर संहितेत रुद्राक्षाच्या माहात्म्याचा अख्खा अध्याय आहे, त्याचं भाषांतर वाचलं. तर तिथे सगळे देव. एकमुखी साक्षात शिव, चारमुखी ब्रह्मा, पाचमुखी कालाग्नी रुद्र, सहामुखी कार्तिकेय, दहामुखी जनार्दन. शनीला अमुक, केतूला तमुक असली वाटणी मला त्या अध्यायात दिसली नाही, म्हणजे ज्या कोष्टकावरून माझी तोंडं मोजली गेली ते कुणीतरी मागाहून चिकटवलेलं. साइजचं मात्र सापडलं. आवळ्याएवढा उत्तम, बोराएवढा मध्यम, हरभऱ्याएवढा कनिष्ठ. मी खूश, चला एक तरी गोष्ट ठरली, तर त्याच अध्यायात थोडं पुढे की जसजसा लहान तसतसं फळ जास्त. म्हणजे मोठा घ्या नाहीतर छोटा घ्या, दुकानदार दोन्हीकडून बरोबर.

एका रविवारी त्र्यंबकेश्वरला गेलो, नाशिकहून काय तासाभराचा रस्ता. दर्शनाच्या रांगेत तीन तास आणि दुकानात दोन, आणि दुकानातले दोन जास्त लांबले. दुकानदाराने आधी वर्ग घेतला. झाडाला फळ येतं ते चक्क निळं असतं, वरचा गर काढला की आत हे निघतं, नेपाळचा दाणा मोठा आणि त्याच्या रेषा खोल, इंडोनेशियातून येतो तो बारीक. माझी बायको मध्येच म्हणाली, "म्हणजे कोयच ना?" दुकानात शांतता पसरली. तांत्रिकदृष्ट्या ती बरोबर होती, आंब्याची असते तशीच ही कोय, पण काही बरोबर गोष्टी त्र्यंबकात बोलायच्या नसतात. दुकानदार म्हणाला, वहिनी, भगवान शंकरांचा अश्रू आहे हा, रुद्राचा अक्ष. हिने हात जोडले आणि भाव विचारला.

मग खरा-खोटा. त्याने ग्लासभर पाण्यात टाकून दाखवला, बुडला, म्हणजे अस्सल. (घरी येऊन मी बोराची बी टाकली, तीही बुडली. अस्सल बोर होतं.) मग दोन ढब्बू पैशांच्या मध्ये धरून दाखवला तर तो हळूच वळला, म्हणजे ऊर्जा आहे. हाही प्रयोग मी घरी जायफळावर केला, दोन बोटांत दाबून धरलं की तेही वळतं, खडबडीत गोल वस्तू दाबली की तिला कुठेतरी वळावंच लागतं, माणसाचंही तसंच होतं. एकमुखीही त्याने दाखवला, काजूच्या आकाराचा, आणि स्वतःच्याच तोंडाने सांगितलं की हा दक्षिणेकडून येतो, गोल एकमुखी म्हणून कुणी दिला तर घेऊ नका, कोरलेला असतो. एवढा खरेपणा बघून मला उलट जास्त संशय आला.

पण कळस पुढे होता. म्हणाला, पाहिजे तर एक्सरे काढून देतो. कुणाचा? रुद्राक्षाचा. बाहेर जितकी मुखं तितके आत बियांचे कप्पे, ते एक्सरेत दिसतात, वरून खोटी रेषा कोरली असेल तर पकडली जाते. सोबत लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, त्यात फोटो, वजन, मिलिमीटर. तो फोटो माझ्या आधार कार्डावरच्या फोटोपेक्षा कितीतरी बरा होता. माझ्या कमरेचा एक्सरे डॉक्टरांनी मे महिन्यात लिहून दिला होता, तो अजून काढायचा होता, आणि मी इथे एका कोयीचा काढायला निघालो होतो.

सातमुखी घ्यायचा की चारमुखी यावरून आमचं दोघांचं हळू आवाजात सुरू झालं, मग तितक्या हळू आवाजात राहिलं नाही. दुकानदाराने न बोलता काउंटरखालून एक डबी काढून समोर ठेवली. आत गौरीशंकर, निसर्गतःच एकमेकांना चिकटून वाढलेले दोन दाणे. "पती-पत्नीसाठी चांगला असतो," तो म्हणाला. हिने तो उचलला, उजेडात धरला, सांध्यावरून नख फिरवलं आणि म्हणाली, "गोंद वाटतोय." तेवढ्यावर आमचं भांडण मिटलं, म्हणजे गुण आला म्हणायचा, तोही न घेता.

शेवटी कंटाळून त्यानेच सांगितलं, साहेब, पंचमुखी घ्या, सगळ्यात जास्त तोच निघतो, कुणालाही चालतो, गुरूचा आहे, त्याला कुंडली बघावी लागत नाही. तोवर चार ज्योतिषी झाले होते आणि एकानेही पाच हा आकडा उच्चारला नव्हता. लाल दोऱ्यात एक दाणा, एकशे वीस रुपये. पार्किंगचे पन्नास वेगळे.

श्रावणातल्या सोमवारी घालायचा ठरला. पहाटे उठून पंचामृताचा अभिषेक, दूध दही तूप मध साखर, मग ॐ ह्रीं नमः १०८ वेळा. सगळं यथासांग झालं, फक्त एक चुकलं, अभिषेकानंतर तो नीट धुवायचा राहिला. रुद्राक्षाला खाचा किती असतात हे मला तेव्हा कळलं जेव्हा साडेअकराच्या मीटिंगमध्ये माझ्या मानेवरून काहीतरी चालायला लागलं. आधी वाटलं हीच ती ऊर्जा. मग ती ऊर्जा चावली. बॉस तिमाहीचे आकडे सांगत होते आणि मी कॉलरमधून एकेक मुंगी काढून टेबलाखाली सोडत होतो, शेजारी तोच प्रमोशनवाला पोरगा, तो कुजबुजला, "सर, बरं वाटत नाहीये का?"

नंतर आले नियम. ते कुणी विकत घेण्याआधी सांगत नाही, इन्शुरन्ससारखंच. अंघोळीला काढायचा, साबण आणि कढत पाणी त्याला सोसत नाही. झोपताना काढायचा. संडासला जाताना काढायचा. नॉनव्हेजला काढायचा. कोरडा पडून तडकू नये म्हणून मधूनमधून तेल लावायचं, म्हणजे शर्टाची कॉलर काढायची. सुतकात काढायचा, सोयरात काढायचा. आता आमची भावकी प्रचंड. श्रावण संपेपर्यंत दोन चुलत घरांत बाळंतपणं झाली, आणि ज्यांना मी जन्मात एकदाच, तेही एका मुंजीत पाठमोरं बघितलं होतं असे एक काका गेले, त्यांचे दहा दिवस. मी ऑडिटमधला माणूस असल्यामुळे डायरीत नोंद ठेवली, तर पहिल्या ४१ दिवसांत रुद्राक्ष २६ दिवस देवघराजवळच्या खिळ्यावर होता आणि १५ दिवस माझ्या गळ्यात, त्यातही रात्री वजा. माझी कंबर होती तशीच राहिली. पण त्या खिळ्याच्या भिंतीला तीन वर्षं ओल होती, ती या पावसाळ्यात आलीच नाही. आई म्हणते बघ.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण आमच्या समोर राहणाऱ्या काकू दर रविवारी काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा करतात आणि नऊ वर्षं न चुकता एक वाटी आमच्याकडे येते. श्रावण, गणपती, पक्ष, नवरात्र या सगळ्यात ती बंद असते, त्यामुळे दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आमचं घर सकाळपासून दाराकडे कान लावून असतं. साडेबाराला वास आला. मी उठून नियमाप्रमाणे रुद्राक्ष खिळ्याला लावला, ताट घेतलं, लिंबू चिरलं. बेल वाजली. काकूंच्या हातात वाटी, वाटीत पिठलं.

"तुमच्यासाठी आधी केलं हो, सोवळ्यातल्यासारखं, त्या भांड्यांना हातसुद्धा नाही लावला," काकू म्हणाल्या, डोळ्यांत कौतुक. "ह्यांना म्हटलं, बघा, समोरच्यांनी या वयात माळ घातली, तुम्हाला एक तंबाखू सुटत नाही."

महाराष्ट्रात माळ घातली म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझे आजोबा स्वतः माळकरी, तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून वशाट बंद, मरेपर्यंत. मी म्हटलं, "काकू, तुळशीची नाही हो ती, रुद्राक्ष आहे, साडेसातीसाठी, तो काढून..."

"कशाची का असेना, माळ ती माळ," काकू म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष माझ्या मोकळ्या गळ्याकडे गेलं आणि चेहरा पडला. "अगं बाई, काढलीत? एकदा घातलेली अशी काढतात का?"

मागून बायकोचा आवाज आला, "अंघोळीसाठी काढली होती हो काकू. विसरलेच ते." आणि खिळ्यावरून काढून तिने तो माझ्या गळ्यात घातला. काकू समाधानाने परत गेल्या, दार उघडंच राहिलं, समोर त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

पिठलं चांगलं होतं. शनी मेषेत यायचाय अजून, ही तर पहिलीच अडीच वर्षं आहेत.