‘आयुष्यभर फ्री डोमेन’वाला मेसेज पुढे पाठवण्याआधी

गेल्या रविवारी मिरजेहून मावशीचा फोन आला. “अगं, वेबसाइट घेतली बरं का. चार वर्षांचे पैसे एकदम भरून टाकले, आता बघायला नको.” मावशी वाळवणाचा धंदा करते. कुरडया, सांडगे, उडदाचे पापड, बटाट्याचा कीस. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तिच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते आणि वर्षाची कमाई त्या चार महिन्यांत होते.

एवढा निर्णय कशाच्या जोरावर घेतलास, विचारलं. तर बचत गटाच्या ग्रुपवर आलेला मेसेज. “नवीन वेबसाइट काढताय? या ७ गोष्टी लक्षात ठेवा.” त्याच आठवड्यात तो मला ऑफिसच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या मैत्रिणींच्या. नऊ वर्षं मी लोकांच्या वेबसाइट सांभाळायचं काम करते. मेसेज नुसता चुकीचा असता तर सोडून दिला असता. पण त्यातल्या दोन गोष्टींनी माणसाचा धंदा बुडू शकतो, म्हणून लिहितेय.

मेसेजचा पहिला मुद्दा: “आयुष्यभर फ्री डोमेन देणारी कंपनीच निवडा.”

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, तिचा इंटरनेटवरचा पत्ता. आयुष्यभराचं असं डोमेन अस्तित्वातच नाही. डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट नेट या नावांचे नियम आयकॅन ही संस्था ठरवते, आणि त्या नियमांनुसार कुठलंही नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठीच नोंदवता येतं. दहाच्या वर एक दिवससुद्धा नाही. कितीही पैसे मोजा, कुठल्याही कंपनीकडे जा. डोमेन विकत मिळत नाही, ते मुदतीवर आपल्या नावे नोंदवलं जातं आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात. ‘आयुष्यभर फ्री’ याचा खरा अर्थ बारीक अक्षरांत असतो: तुम्ही आमचं होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) घेत राहाल तोवर डोमेनचे पैसे आम्ही भरू. होस्टिंग सोडलंत की त्या वर्षापासून डोमेनचा खर्च तुमच्यावर, आणि काही ठिकाणी पहिल्या वर्षाची ‘सूट’सुद्धा वसूल करून घेतात. मावशीने घेतलेल्या पॅकेजमध्ये तर पहिलं एकच वर्ष फुकट होतं. चौकटीखालची राखाडी ओळ मी तिला मोठी करून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, “हे तर मला दिसलंच नव्हतं.” दिसू नये अशीच ती छापलेली होती.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक: “डोमेनची झंझट स्वतःकडे घेऊ नका. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्याच खात्यावर ठेवा, तो सगळं बघतो.”

हा सल्ला ज्याने लिहिला त्याने एक तर डोमेन आणि होस्टिंग यातला फरक समजून घेतलेला नाही, किंवा तो स्वतः वेबसाइट बनवून देणारा आहे. होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. आज इथे, उद्या पलीकडच्या चौकात, सामान उचलायचं आणि जायचं. डोमेन म्हणजे दुकानाचं नाव. गिऱ्हाईक ते नाव लक्षात ठेवून येतं, पापडाच्या पाकिटावर ते छापलेलं असतं. गाळा भाड्याचा चालतो, पण दुकानाचं नाव दुसऱ्याच्या नावावर कोण ठेवतं?

यात काय होतं ते मी जवळून पाहिलंय. आमच्या ओळखीतल्या एका क्लासवाल्या सरांची वेबसाइट एका मुलाने करून दिली होती. मुलगा चांगला, काम नीट केलं, फसवायचा हेतू अजिबात नव्हता. डोमेन मात्र त्याच्या खात्यात, त्याच्या ईमेलवर. दोन वर्षांनी त्याला बंगळुरूला नोकरी लागली, जुना नंबर गेला, जुना ईमेल तो उघडेनासा झाला. पुढच्या जूनमध्ये, ऐन प्रवेशाच्या दिवसांत, सरांची साइट बंद. सर मला म्हणाले, “मला कुणी कळवलंच नाही हो.”

कळवलं होतं, पण त्या मुलाला. आयकॅनचा नियम असा आहे: मुदत संपण्याच्या साधारण एक महिना आधी एक सूचना, एक आठवडा आधी दुसरी, आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक, अशा सूचना रजिस्ट्रारने, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीने, पाठवल्याच पाहिजेत. कुणाला? नोंदीत ज्याचं नाव आहे त्याला. तिन्ही मेल त्या मुलाच्या बंद पडलेल्या इनबॉक्समध्ये जाऊन बसले. सरांचं नाव नोंदीत कुठेच नव्हतं, त्यामुळे नियम पाळला गेला आणि सरांना काहीच कळलं नाही. मुदत संपल्यावर बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस जुन्या दरात रिन्यू करू देतात. त्यानंतर ३० दिवसांचा शेवटचा काळ मिळतो, त्यात नाव परत घेता येतं पण दंडासकट. तो संपला की पाच दिवसांनी नाव मोकळं होतं आणि ज्याला हवं तो घेतो. आम्ही त्या मुलाला शोधून काढेपर्यंत सरांचं नाव दुसऱ्याने घेतलं होतं. छापलेली माहितीपत्रकं, रिक्षांच्या मागचे बोर्ड, सगळ्यावर तोच जुना पत्ता.

याच नियमांची दुसरी बाजू ग्राहकाच्या फायद्याची आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. नाव तुमच्या नावे असेल तर तुम्ही ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेऊ शकता. त्यासाठी लागणारा ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा पासवर्ड, मागितल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. नवीन नोंदणीनंतर पहिले ६० दिवस नाव हलवता येत नाही, तेवढं थांबायचं. पण हे सगळे हक्क नोंदीतल्या माणसाचे आहेत. वेबसाइट तुमच्यासाठी बनली, पैसे तुम्ही दिले, बिल तुमच्या नावाचं आहे, यातल्या कशालाही तिथे किंमत नाही. डॉट इनचा कारभार निक्सी ही भारतातली संस्था बघते आणि तिचे नियम वेगळे आहेत. पण नोंद कुणाच्या नावे हा प्रश्न तिथेही पहिलाच.

बाकीचे मुद्दे भराभर घेते.

“अनलिमिटेड स्पेस बघूनच घ्या.” शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या एकाच मोठ्या संगणकावर, शेकडो वेबसाइट असतात, तिथे अनलिमिटेड कुठून येणार? अटींमध्ये फाइलींच्या संख्येवर मर्यादा असते, तिला इनोड म्हणतात, आणि ती जागेच्या कितीतरी आधी भरते. बहुतेक साइट ज्यावर बनवतात ते वर्डप्रेस तर चढवलेल्या एकेका फोटोच्या वेगवेगळ्या मापांच्या पाच-सहा प्रती करून ठेवतं. मावशीच्या चौदा वस्तू, साठ फोटो. मोबाइलवरून जसेच्या तसे चढवले तरी तीनशे एमबीच्या आसपास, लहान करून चढवले तर पंधरासुद्धा नाही. तिला एक-दोन जीबी रगड.

“एसएसएल वेगळं विकत घ्या, वर्षाला १५०० लागतात, पण सुरक्षेशी तडजोड नको.” एसएसएल म्हणजे साइट आणि गिऱ्हाईक यांच्यातली माहिती गुप्त ठेवणारं सर्टिफिकेट. ते हवंच. २०१८ च्या जुलैपासून क्रोम त्याच्याशिवायच्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असं दाखवतं. पण लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ पासून ते फुकट देतेय आणि बहुतेक चांगल्या होस्टिंगमध्ये ते आपोआप बसतं, आपोआप नवं होतं. दीड हजाराच्या सर्टिफिकेटने कुलूप जास्त घट्ट लागत नाही. पापड विकणाऱ्या साइटला त्यासाठी एक रुपया द्यायची गरज नाही.

“भारतातलाच सर्व्हर घ्या, गुगलवर पहिला नंबर येतो.” यात अर्धं खरं आहे, ते मला मान्य करावं लागेल. गिऱ्हाईक सांगली-कोल्हापूरचं असेल तर मुंबईतला सर्व्हर घ्यावाच. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत एका फेरीला २०० मिलिसेकंद आणि वर लागतात, मुंबईला त्याच्या कितीतरी कमी, आणि एक पान उघडायला अशा बऱ्याच फेऱ्या होतात. फरक मोबाइलवर जाणवतो. पण पहिला नंबर? सर्व्हरची जागा ही निर्णायक खूण नाही, असं गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. वेगासाठी घ्या, नंबरासाठी नको.

“बॅकअपची काळजी नको, कंपनी रोज घेते.” १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या युरोपातल्या बड्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत जळाली, वेबसाइटची मोजदाद करणाऱ्या नेटक्राफ्ट कंपनीप्रमाणे ३६ लाख वेबसाइट बंद पडल्या. आणि काही ग्राहकांनी पैसे भरून घेतलेला बॅकअप मूळ डेटाच्याच इमारतीत होता. तोही जळाला. २०२३ मध्ये कोर्टाने अशा एका ग्राहकाला भरपाई द्यायला लावली. डेटा परत आला नाही. महिन्यातून एकदा होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधून बॅकअपची फाइल उतरवून घ्यायची आणि घरच्या पेनड्राइव्हवर ठेवायची. दहा मिनिटांचं काम आहे, मावशीला मी फोनवरून शिकवलं.

“चार वर्षांचं एकदम घ्या आणि ऑटो-रिन्यू लावून विसरून जा.” मावशीचं बिल बघा. महिना ७९ रुपये, ४८ महिने, ३,७९२. वर १८ टक्के जीएसटी, झाले ४,४७५. स्वस्त आहे, नाही म्हणत नाही. आता त्याच पानावरचा रिन्यूअलचा दर: महिना ४४९. म्हणजे पाचव्या एकाच वर्षाचे जीएसटी धरून ६,३५८. पहिल्या चार वर्षांना मिळून लागले त्याहून जास्त. घेण्याआधी ७९ बघायचे नाहीत, ४४९ बघायचे. आणि पहिल्यांदाच वेबसाइट काढणाऱ्याने एक वर्षाचंच घ्यावं, जरा महाग पडलं तरी. धंदा ऑनलाइन चालतो का, कंपनी फोन उचलते का, हे वर्षभरात कळतं. ऑटो-रिन्यूवरही विसंबू नये. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे, नियम लागू झाल्यावर परदेशी कंपन्यांचे कितीतरी ऑटो-पेमेंट अडकले, आणि कार्ड बदललं तर देशी कंपनीचंही अडकतं. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.

आता मावशीचं काय. पैसे गेले ते गेले, चार वर्षं होस्टिंग वापरेल. पण तिचं डोमेन मेसेजमधल्या सल्ल्याप्रमाणे साइट बनवणाऱ्याच्या खात्यात आहे. ६० दिवस पूर्ण झाले नसले तरी बहुतेक रजिस्ट्रारकडे त्याच कंपनीतल्या दुसऱ्या खात्यात नाव सरकवता येतं, त्याला ही साठ दिवसांची अट आड येत नाही. म्हणून तिचं स्वतःचं खातं उघडून दिलं आणि हा मेसेज लिहून दिला. ज्यांचं असंच झालंय त्यांनी जसाच्या तसा वापरा:

“नमस्कार. माझ्या वेबसाइटचं डोमेन कृपया माझ्या खात्यात टाका. खात्याचा ईमेल सोबत देत आहे. नोंदीत रजिस्ट्रंट (डोमेन ज्याच्या नावे आहे तो) म्हणून माझं नाव, माझा ईमेल आणि माझा मोबाइल नंबर हवा. झालं की स्क्रीनशॉट पाठवा. साइटचं उरलेलं काम तुम्हीच बघायचं आहे आणि त्याचे ठरलेले पैसे मी देणार आहे.”

शेवटचं वाक्य मावशीने स्वतः घातलं. मंगळवारी पाठवला, बुधवारी संध्याकाळी स्क्रीनशॉट आला. मी तो मोठा करून नाव वाचलं. मावशीचंच आहे.